मालन सिस्टरांचा उतार

"तोंडानं श्वास घेऊ नगंस, नाकानं घे. पहिलटकरीन बी इतकी धापत न्हाई."

मालन सिस्टर माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. कराडहून उंडाळ्यावरून वर गेलं की वाघजाईची खिंड लागते, तिच्या चढावर मी एकवीस गिअरच्या नव्याकोऱ्या सायकलवर मरायला टेकलो होतो. साखर कारखान्यात वीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेल्या माणसाच्या रक्तात साखर निघाली, याचं डॉक्टर सोडून कुणालाच नवल वाटलं नव्हतं. पण त्या डॉक्टरानं सायकल चालवा म्हणून सांगितलं आणि मी हौसेनं हेल्मेट, हातमोजे, बायकोनं पोट धरून हसावं अशी तंग चड्डी, सगळं घेऊन बसलो. आणि त्या चढावर मागून घंटी वाजली, एक साठीपुढची बाई काळ्या लेडीज सायकलवरून मला मागं टाकून वर गेली. सहावारी साडी, निऱ्यांना दोन चाप, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गिअर नाही, काही नाही. जाताजाता ते वाक्य तेवढं माझ्या अंगावर टाकलं.

मला इतका राग आला म्हणता! नाकानं श्वास घेतला आणि रागाच्या भरातच खिंड चढलो. वर पोचलो तर बाई सायकल हातात धरून पलीकडचा उतार चालत उतरत होत्या. मला वाटलं पंक्चर झाली. मनात म्हटलं, बरी जिरली. तरी माणुसकी म्हणून थांबलो आणि विचारलं.

"न्हाई रं, सायकल चांगली हाय," त्या म्हणाल्या. "मी उतारावर बसत न्हाई. हात बघू." आणि रस्त्यातच माझं मनगट धरून, साडीला उलटं टाचलेलं घड्याळ बघत त्यांनी माझी नाडी मोजली. "एकशे चाळीस. मरशील एक दिवस. रविवारी साडेपाचला स्टँडापाशी ये, आमी चार-पाच जनं असतो."

मरशील म्हणाल्या आणि बोलावणंही दिलं. मी गेलो, आणि पुढची चार वर्षं दर रविवारी जात राहिलो.

सिस्टर मूळच्या आटपाडीकडच्या. बाप मेंढरामागं, त्यामुळं चालायला त्या पोटातूनच शिकून आल्या होत्या. शिक्षण घेऊन नर्स झाल्या आणि चौतीस वर्षं सातारा-सांगलीच्या डोंगरकडेनं वाड्यावस्त्यांवर सायकलनं हिंडल्या, कॅरिअरला लशीचा डबा आणि हँडलला बाळंतपणाची पिशवी लावून. निवृत्त झाल्यावर घरी बसून बघितलं. पंधरा दिवसांत नवरा, म्हणजे आमचे हवालदार काका, हात जोडून म्हणाले, "तू जा बाई कुठंतरी. घरात माझी रोज नाडी बघतीस." तेव्हापासून त्या रविवारच्या सायकलवाल्यांत.

आमच्यात निखिल नावाचा एक इंजिनिअर होता. त्याच्या हँडलवर रस्ता दाखवणारं यंत्र. कुठं वळायचं, चढ किती टक्के, सगळं ते सांगायचं. सिस्टरांच्या डोक्यातला नकाशा वेगळा होता. त्यांनी ज्या घरात बाळंतपण केलं ते घर म्हणजे खूण.

"फुडं डाव्या हाताला जुळी लागतील," त्या सांगायच्या. "जुळ्यापासनं उजवीकडं वळायचं. मग पायाळू. पायाळूच्या घरामागनं वढ्याकडं जायचं, डांबरीनं जाऊ नगा, खड्डं हायती."

"सिस्टर, यंत्र म्हणतंय तिथं रस्ता नाही," निखिल म्हणायचा.

"तुझ्या यंत्रानं किती बाळंतपनं केली?"

आणि रस्ता असायचाच. पायाळू म्हणजे आता सहा फुटी गडी, ट्रॅक्टर पुसत दारात उभा. "आवं बाई, च्या घेऊन जावा की!" म्हणून हाक मारायचा. सिस्टर त्याला आयाबायांच्या देखत म्हणायच्या, "पायाकडनं आलास तू. आईला तुज्या दोन दिस रडवलंस. आता तरी ऐकतोस का तिचं?" सहा फुटी गडी मान खाली घालून चहा आणायला पळायचा. चाफळच्या खोऱ्यात, नदीच्या काठानं, शिराळ्याच्या बाजूला, जिकडं जाऊ तिकडं हेच. शंभर किलोमीटर जायचं म्हणजे दहा ठिकाणी चहा ठरलेला, आणि मला एकाही कपात साखर चालत नव्हती. बाई मात्र माझ्या कपाकडं डोळे वटारून बघायच्या आणि माझ्याऐवजी त्याच यजमानाला सांगायच्या, "ह्यला बिनसाखरंचा. कारखान्यातली समदी खाऊन झालीय ह्यची."

त्यांचं हेल्मेट हा एक स्वतंत्र विषय. अंबाड्यामुळं ते डोक्यावर बसायचंच नाही. निखिलनं नियम दाखवला, हेल्मेट नाही तर राईड नाही. सिस्टरांनी एका रविवारी अंबाडा मानेपर्यंत खाली आणला, दुसऱ्या रविवारी वर चढवून त्यावर हेल्मेट ठेवून बघितलं, आणि तिसऱ्या रविवारी दोन वेण्या घालून आल्या. चौसष्टाव्या वर्षी दोन वेण्या, लाल रिबिनी. "हसा मेल्यांनो," म्हणाल्या आणि उंब्रजपर्यंत कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.

औंधची गोष्ट तर सांगायलाच हवी. आम्ही यमाईच्या डोंगरापर्यंत मोठी राईड काढली होती. सोळा जण आले, काही साताऱ्याहून, त्यांना रस्ता माहीत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, मी आदल्या दिवशी जाऊन फक्कीनं बाण काढून येते. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची पांढरी पूड. प्रत्येक फाट्यावर बाई छान बाण काढून आल्या. आता आमच्या नशिबानं त्याच रविवारी तिकडं बैलगाडा शर्यत होती, आणि शर्यतीच्या कमिटीनंही फाट्याफाट्यावर बाणच काढले होते. फक्कीनंच.

सिस्टर सगळ्यांत मागं होत्या, कुणीतरी एक पंक्चर झालेला सांभाळत. पुढं चौदा जण बाण बघत ऐटीत वळले, आणि थेट शर्यतीच्या मैदानात, फक्कीनं आखलेल्या पट्ट्यांत! दोन्ही अंगांना हजारो माणूस. गुलाल. पलीकडच्या टोकाला बैलं जुंपून तयार. लाऊडस्पीकरवरचा समालोचक ओरडला, "मंडळी, मैदानात आल्यात बिनबैलाचे गाडे! गाडामालकांनी आपापले बैल कुठं सोडले ते सांगावं!"

माझी ती तंग चड्डी आणि तो जनसमुदाय. धरणीमाय पोटात घे असं झालं होतं. कमिटीची दोन माणसं दंडुके घेऊन आमच्याकडं निघाली. एवढ्यात मागून घंटी वाजली. सिस्टर आल्या. परिस्थिती बघितली आणि सरळ स्टेजकडं गेल्या.

"अध्यक्ष कोन हाय?"

फेटेवाला, मिशीवाला, चांगला भारदस्त माणूस उठला. सिस्टरांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू रहिमतपूर रस्त्याच्या मळ्यातला न्हवं? जन्मलास तवा रडला न्हवतास. मी उलटा धरून पाठीवर दोन दिल्या तवा रडलास."

हे लाऊडस्पीकर चालू असताना. अध्यक्ष पाया पडला. बाईंना फेटा बांधला, नारळ दिला, पंधरा सायकलवाल्यांना पहिल्या रांगेत बसवून शर्यतीच्या तीन फेऱ्या दाखवल्या आणि जेवायला घातलं. यमाईचं दर्शन चारला झालं. परत येताना डोंगराचा उतार सिस्टर नेहमीसारख्या चालतच उतरल्या, दोन वेण्यांवर फेटा आणि कॅरिअरला नारळ बांधून.

तो उतार. त्या उतारावर बसत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, का ते कुणालाच नव्हतं. चढ असला की पुढं, उतार आला की खाली उतरून पायी. जगाच्या नेमकं उलटं. एका रविवारी वाघजाईच्या खिंडीतून मी मुद्दाम त्यांच्याबरोबर चालत निघालो. पाच किलोमीटरचा उतार, त्याच्या मध्यावर करंजवाडी. इतर गावांत छाती काढून जाणारी ही बाई करंजवाडी आली की पदर डोक्यावरून पुढं ओढायची आणि जमिनीकडं बघत झपाझप चालायची. त्या दिवशी वाडी मागं पडल्यावर मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या. दवाखाना खिंडीपलीकडं, वाडी अलीकडं. लसीकरणाचा दिवस, देवळापुढं चाळीस पोरं गोळा करून ठेवलेली. उशीर झाला म्हणून बाई उताराला पायडल मारत सुटल्या. वळणावर खडी होती. सायकल एकीकडं, बाई एकीकडं, डबा तिसरीकडं. झाकण उघडून बर्फ आणि बाटल्या सगळ्या रस्त्यावर. एक धड राहिली नाही. फुटल्या गुडघ्यानं त्या देवळापर्यंत गेल्या आणि चाळीस पोरांना म्हणाल्या, आज सुई नाही, घरी जा.

"सकाळपास्नं उनात बसली हुती रं ती," सिस्टर म्हणाल्या. चालायच्या थांबल्या होत्या. "काही तर वरच्या धनगरवाड्यावरनं चालत आली हुती. पुढच्या बुधवारी मी चालत येऊन समद्यांना टोचलं. पर तवर माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. एकाला जरी गोवर निघाला असता तर? तितंच पोरांवर हात फिरवून शपथ घेतली, या पोरांची शपथ, पुन्यांदा उतारावर सायकलीवर बसनार न्हाई. महिन्यात माजी बदली झाली. झालं."

आता शपथेचा कायदा आमच्याकडं पहिलीतलं पोरही जाणतं. ज्याची शपथ घेतली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, तरच सुटते. निखिलला हे कळल्यावर तो पुढच्या रविवारी मोठ्यानं म्हणाला, "सिस्टर, सुटली!"

"तू कोन रं म्हननारा? तवा तुजा जन्म बी न्हवता."

"मग करंजवाडीत जाऊन सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"आनि काय सांगू? बाटल्या फोडून हात हलवत आली ती मीच म्हनून? मला लाज न्हाई व्हय?"

हे असंच चाललं असतं. पण साताऱ्याच्या सायकलवाल्यांनी शंभर किलोमीटरची वेळेची राईड जाहीर केली. कराडातून निघून इस्लामपूर, शिराळा, वाघजाईची खिंड आणि परत कराड. आठ तासांच्या आत जो येईल त्याला पदक. आणि सिस्टरांना ते पदक हवं झालं. इतकं हवं झालं की मला आश्चर्य वाटलं.

"जन्मभर मी दुसऱ्याच्या कळा मोजल्या," त्या म्हणाल्या. "घड्याळ लावून बसायची, दोन कळांत अंतर किती, नाडी किती. आता एकदा माजा येळ कुनीतरी मोजावा. एवढंच."

पहिल्या वर्षी त्या अडतीस मिनिटं उशिरा आल्या. शेवटची खिंड, पाच किलोमीटर पायी. टेबलं उचलून झाली होती. बाईंनी संयोजकाची नाडी बघितली आणि घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून चढाचा सराव सुरू. त्यांचा हिशेब सोपा होता, उतारावर जाणारी मिनिटं चढावर मिळवायची. मी केमिस्ट माणूस, आकडे मांडून बघितले. चौसष्ट वर्षांची बाई बिनगिअरच्या सायकलवर चढात इतकी मिनिटं मिळवूच शकत नव्हती. मी त्यांना ते सांगितलं नाही.

दुसरं वर्ष उजाडलं. माघातली थंडी, शाळू काढणीला आलेला. सकाळी सहाला राईड सुटली, मी पहिल्यापासून त्यांच्या मागं. इस्लामपूरला वेळ चांगली. शिराळ्यात एका पोरसवद्या बाळंतिणीनं बाळ दाखवायला थांबवलं, तर सिस्टर चक्क "परत येते!" म्हणून पुढं! चौतीस वर्षांत बाईंनी बाळ टाळलेलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की यांना हे किती लागलंय. खिंड त्या अशा चढल्या की मी मागून नुसत्या हलणाऱ्या लाल रिबिनी बघत राहिलो. वर पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. सायकलवर बसून उतार उतरलं तर कराड दीड तासावर. चालत उतरलं तर संपलं.

सिस्टर खाली उतरल्या. घड्याळ बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण म्हणाल्या, "चल. चालू लाग."

खिंडीत यंदाच एक चहाची टपरी झाली होती. चाळिशी ओलांडलेला टपरीवाला, नाव बबन, आमचे बिल्ले बघून म्हणाला, "पाव्हनं, पळा की! चालताय का? समदी शर्यत उतारानं गेली."

मला राहवलं नाही. सिस्टर "गप रं!" म्हणत असतानाच मी सगळं ओकून टाकलं. शपथ, डबा, चाळीस पोरं. बबनच्या हातातली किटली तशीच राहिली.

"बाई, त्या तुमी?" तो म्हणाला. "आवं, मी हुतो की त्यात! दुसरीत हुतो!"

सिस्टरांनी पदर पुढं ओढला. "माफ कर बाबा. उनात बसवलं तुमाला."

"माफ?" बबन हसायलाच लागला. किटली खाली ठेवून मांडीवर थाप मारून हसला. "बाई, तुमी सुई न्हाई म्हनला आनि आमी गावभर नाचलो! त्यापरीस आनंदाचा दिस आमच्या शाळेत झाला न्हाई. दोन दिस आमी वाघजाईला नारळ बोललो हुतो, बाईची सुई मोडू दे म्हनून. तुमी पडला तर आमाला वाटलं, देवी पावली!"

छत्तीस वर्षं सिस्टर मान खाली घालून ज्या वाडीतून गेल्या, तिथं त्यांच्या पडण्याचा नारळ फुटला होता.

"मेल्यांनो!" त्या म्हणाल्या. आणि मग त्याही हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"सुटली म्हण," मी बबनला म्हटलं. "लवकर."

"सुटली! हज्जार बार सुटली!"

"तू एकटा," सिस्टर म्हणाल्या. इथंही हिशेब सुटेना. "पोरं चाळीस हुती."

बबननं कड्याच्या टोकावर जाऊन तोंडाला हात लावले. खाली करंजवाडीच्या शिवारात माणसं शाळू काढत होती. "सुटली म्हना रंऽऽ! नर्सबाईची शपथ! सुटली म्हनाऽऽ!"

काय, कशाची, कुणाला काही ठाऊक नाही. पण खालून पहिला आवाज आला, "सुटलीऽऽ!" मग दुसऱ्या बांधावरून. मग ओढ्यापलीकडून दोन आवाज एकदम, त्यातला एक बाईमाणसाचा. बबननं तेवढ्यात वाडीच्या मोबाईल ग्रुपवर बोलून टाकलं, आणि टिंग टिंग वाजायला लागलं. पुण्याहून एक सुटली. पलटणीतून, कुठल्या तरी बर्फातून, एक सुटली. एकानं नुसता अंगठा पाठवला.

"अंगठा चालतो व्हय?" सिस्टर.

"चालतो, बाई. आजकाल समदीकडं चालतो. ऱ्हायलेल्यांचं मी म्हनतो. जावा आता!"

सिस्टर सायकलवर बसल्या. एक पाय जमिनीवर. "केमिस्ट," त्या म्हणाल्या, "बिरेक कुठला आधी दाबायचा रं?"

"मागचा."

आणि बाई निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत जपून. दुसऱ्या वळणाला त्यांनी पायडल मारलेलं मला दिसलं. उताराला पायडल! दोन्ही बाजूंच्या रानांतून माणसं विळे हातात धरून उभी राहिली होती, ओरडत होती. करंजवाडी आली तेव्हा बाईंचा पदर कमरेला खोचलेला आणि मान वर होती. देवळापुढून त्या घंटी वाजवत गेल्या. पुढं मला त्या दिसल्या नाहीत, कारण मी ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून येत होतो.

कराडला पोचलो तर सिस्टर मांडवात खुर्चीवर, गळ्यात पदक, हातात केळं. नऊ मिनिटं राखून आल्या होत्या. संयोजकानं माझी वेळ बघून खेदानं मान हलवली. मी चार मिनिटं उशिरा.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं, नाडी मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रं केमिस्ट, उतारावर भितोस व्हय?"

त्याच उन्हाळ्यात मी मराठवाड्यातल्या एका कारखान्यात रुजू झालो. सामान टेम्पोत भरून, मी ड्रायव्हरशेजारी बसून निघालो. वाटेत एका उतारावर पुढं एक काळी लेडीज सायकल रस्त्याच्या मधोमध चाललेली, तुफान. हेल्मेटखालून दोन वेण्या उडत होत्या. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. सायकलवालीनं मागं न बघता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि बाजू काही दिली नाही.

"म्हातारी लय जोरात हाय," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "सरकंना बी."

"राहू द्या हो पुढं," मी म्हटलं. "नवीनच शिकल्यात."